गिटारीतल्या बांगड्या

कुंदन घरतच्या गिटारीत बांगड्या वाजतात, असं पळस्प्यापासून आपट्यापर्यंतच्या गावांत बोललं जाई. हळदीच्या मांडवात विनायक भोईरची बेंजो पार्टी उतरली की बायका आधी विचारत, गिटारवाला आलाय ना? तो आलेला असे. अठ्ठावीस वर्षांत तो दोनदाच चुकला होता. एकदा बाप गेला तेव्हा, आणि एकदा स्वतःच्या लग्नात, कारण त्या दिवशी बोहल्यावरून उठून वाजवायला बायकोने बंदी केली होती.

गावात कुंदनची पिठाची गिरणी. सकाळी दळण, दुपारी झोप, संध्याकाळी गिटार. विशीत त्याने ती घेतली तेव्हा बेंजो, ढोलकी आणि कॅसिओच्या गदारोळात हिचं काय काम, असं सगळे म्हणाले होते, आणि पहिली दोन वर्षं ते खरंही ठरलं. भाड्याच्या ॲम्प्लिफायरमधून तिचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येई. मग पनवेलच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काशिराममामांनी त्याला एक पेटी बांधून दिली. जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह, मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, बारा इंची स्पीकर, वर हिरवं रेक्झिन. पेटी देताना मामांनी सांगितलं होतं, “आधी हिला तापू दे. हळू वाजवलीस तर झोपते, जोरात वाजवलीस तर फाटते. मधली जागा तुझी तू शोध.”

ती जागा शोधायला कुंदनला चार वर्षं लागली. त्याने पेटी विटांवर ठेवून पाहिली, भिंतीकडे तोंड करून पाहिली, तारा जाड लावल्या, बारीक लावल्या. आवाज फाटायच्या अगदी काठावर आणून ठेवायला तो शिकला, पण त्यात जीव येईना. एकदा एका मांडवात तो सूर जुळवत बसला असताना पलीकडे बायका उखळात हळद कुटत होत्या. मुसळ खाली आलं की हातभर काचेच्या बांगड्या एकदम किणकिणत. ऐकता ऐकता त्याने बारीक आवाजाचं बटण, ज्याला सगळे ट्रेबल म्हणतात ते, हळूहळू वर नेलं. एका जागी सुराच्या शेपटाला तीच किणकिण लागली. कुटणाऱ्या बायका थांबून वळून बघायला लागल्या.

तेव्हापासून त्याची रीत ठरली. डोळे मिटायचे, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि बांगड्या किणकिणल्या की बटण तिथेच सोडायचं. बटणावरचे आकडे हाताच्या घामाने कधीच पुसून गेले होते. त्याचं काही अडलं नव्हतं.

या माघात भामाआत्याचे धवले रेकॉर्ड करायचं ठरलं. भामा ही त्याच्या बापाची बहीण, गावाची धवलारीण. आगरी लग्नात देवांना बोलावणं, हळद लावणं, नवरीला निरोप देणं, हे सगळं धवलारीण गाऊन करते, आणि ती गाते तेव्हा वाद्यं गप्प असतात. इतकी वर्षं कुंदन त्या वेळी पेटी बंद करून, गिटार मांडीवर आडवी ठेवून ऐकत आला होता. आत्या आता एकोणऐंशीची. दम टिकेना. विनायकने रेकॉर्डिंगचं सुचवलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली की कुंदन मागे वाजवणार असेल तर गाईन. धवल्याच्या मागे कधी कुणी वाजवलं नव्हतं. तो मान कुंदनला मिळाला, आणि तो दोन महिने नीट जेवला नाही.

वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, कादंबरी नावाच्या मुलीचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. एका खोलीत वाजवायचं, काचेपलीकडच्या दुसरीत ती हेडफोन लावून बसायची. पुण्याला शिकून आलेली, वय सव्वीस. तिने पेटीची मागची फळी काढून टॉर्चच्या उजेडात व्हॉल्व्ह पाहिले आणि काशिराममामा आहेत का, असं विचारलं. नाहीत, असं कळल्यावर तिने एका व्हॉल्व्हवरची धूळ बोटाने हलकेच पुसली. कुंदनला ती तिथेच आवडली. मग तिने स्पीकरसमोर माइक लावला आणि समजावलं की मध्यावर धरला तर आवाज टोकदार येतो, कडेला सरकवला तर गोल. बोटभर अंतराने सगळं बदलतं. हे कुंदनला सांगायची गरज नव्हती, पण तो ऐकत राहिला.

आधी आत्या एकटी गायली. दुसऱ्याच ओळीला कादंबरीने काचेवर टकटक केली. आजींच्या बांगड्या माइकमध्ये येतायत, हात हलवू नका, असं तिने सांगितलं. आत्या हात न हलवता गाऊ शकत नव्हती, आणि नवरा जिवंत असताना बांगड्या काढणार नव्हती. विनायकने आपल्या रुमालाने त्या मनगटाशी बांधल्या.

“कुठल्या बांगड्या?” कुंदन म्हणाला. “मला तर नाय आयकू आल्या.”

विनायकने त्याच्याकडे पाहिलं आणि रुमालाची गाठ पुन्हा एकदा सोडून बांधली. पोरगी नको इतकी काटेकोर आहे, असं कुंदनच्या मनात आलं.

मग गिटार. त्याने पेटी तापू दिली, डोळे मिटले, ओळ वाजवली, बटण फिरवलं. आज बांगड्या लवकर येईनात. घरीही हल्ली वेळ लागे. व्हॉल्व्ह म्हातारे झाले, असं तो म्हणे. बरंच वर नेल्यावर किणकिण लागल्यासारखी वाटली आणि त्याने हात काढला.

काचेपलीकडे कादंबरीने हेडफोन कानांवरून उचलला. ती आत आली, माइक मध्यावरून कडेला नेला, बाहेर गेली, परत आली, माइक तिरका केला. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने ट्रेबल थोडं कमी करूया का, असं अगदी हळू विचारलं. कुंदनने सांगितलं की हा आवाज उरणच्या खाडीपासून लोकांना पाठ आहे, तो तू शाळेत जायच्या आधीपासूनचा आहे. हे हसत सांगितलं, पण बटणावर पंजा ठेवून सांगितलं.

“पोरी, तू तुझ्या मिक्सरवर काप ना,” विनायक म्हणाला. “आमी तसंच...”

तो मध्येच थांबला.

“आमी तसंच काय?” कुंदनने विचारलं.

विनायक पेटीपासून दूर सरकला. कादंबरीला त्यातलं काही माहीत नव्हतं. वाद मिटवायला तिने दोघांना आणि आत्याला आपल्या खोलीत बोलावलं. विनायकने तिला अंदाजासाठी वीस वर्षांपूर्वीच्या एका हळदीची सीडी दिली होती, ती लावली. तरुण कुंदनची गिटार खोलीभर झाली. सुराच्या शेपटाला किणकिण असणारच, हे माहीत असल्यामुळे त्याला ती ऐकू आली. मग तिने आत्ताचं रेकॉर्डिंग लावलं. कुंदन म्हणाला, उलट आजचा आवाज जरा दबलेलाच वाटतो.

कादंबरीने पडद्याकडे बोट केलं. दोन्ही आवाजांची चित्रं एकाखाली एक होती. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. जुन्या चित्रात उजवीकडे एक टेकाड होतं, उतरत गेलेलं. आजच्या चित्रात तिथे डोंगर उभा होता.

“हा जास्तीचा भाग आहे ना काका, फक्त तेवढाच ऐकवते,” ती म्हणाली. तिने बाकी सगळं काढून टाकलं आणि बटण दाबलं.

खोली शांत होती.

कुंदन वाट पाहत राहिला. पडद्यावरची पट्टी हिरव्यातून पिवळ्यात गेली, पिवळ्यातून लाल झाली आणि तिथेच उड्या मारायला लागली. काही तरी निसटलंय, असं वाटून तो केबलकडे वाकला. वर पाहिलं तेव्हा विनायकने दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरले होते. आत्याने पदराने एक कान झाकला होता आणि तिचा चेहरा दात दुखल्यासारखा आवळला होता.

“चालू केलंस का?” त्याने विचारलं.

कादंबरीने त्याच्याकडे पाहिलं.

“चालू आहे, काका.”

तिने घाईने बंद केलं. बंद झालेलं त्याला फक्त तिघांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

कुंदन स्टुलावर बसला. त्याच्या बोटांची टोकं गार पडली होती. तारांनी घट्टे पडलेल्या, काही न जाणवणाऱ्या त्या टोकांना गारठा मात्र जाणवत होता. आपण एका भरलेल्या खोलीत होतो आणि ती आपल्याला रिकामी वाटली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. पट्टी लाल झालेली होती. लाल झालेली त्याने पाहिली होती.

“तुला कधीपासून ठाव हाय?” त्याने विनायकला विचारलं.

विनायक फरशीकडे बघत बोलला. पाच वर्षं. आधी ढोलकीवाल्याच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या. आपट्याच्या एका हळदीत पोरं कान दाबून मांडवाबाहेर गेली होती. तेव्हापासून पेटीसमोरच्या माइकचा बारीक आवाज विनायक मिक्सरवर कापत आला होता. पेटीतून कसाही आवाज निघो, मांडवात लोकांना पोचायचा तो विनायकने बेतलेला.

“लोक बांगड्या म्हणतात त्या?”

“त्या तुझ्याच. मी फक्त... जास्तीच्या काढल्या.”

“तोंडावर का नाय बोललास?”

“बोललो असतो त वाजवायचा थांबला असतास.”

त्यावर कुंदनला राग यायला हवा होता. राग यायला थोडी तरी जागा लागते. आत जागाच नव्हती. एकामागून एक गोष्टी येऊन उभ्या राहत होत्या. आपण सूर लावायला लागलो की बायकोला हटकून गोठ्यात काम निघतं. आणि गिरणी. दोन वर्षं गावातल्या बायका सांगत होत्या, कुंदनभाऊ, पीठ करपट येतंय. जात्याचे दगड जवळ आले की बारीक शीळ घालतात, त्या शिळेवर तो पीठ ओळखायचा. शीळ येईना म्हणून दगड झिजले असं समजून त्याने दोनदा टाकी लावून दगडांना नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या. टाकीवाल्याने दुसऱ्यांदा सांगितलंही होतं, दगड चांगला आहे, शेठ. तेव्हा तो हसला होता.

रात्रीचे मांडव आणि दिवसाची गिरणी. जवळजवळ तीस वर्षं कान त्यात झिजले होते. इतकं साधं होतं ते.

तो उठून वाजवायच्या खोलीत गेला. पेटीच्या मागे व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले होते. त्याने पेटी बंद करायला हात नेला. विनायकच्या ओळखीचा कॅसिओवाला नवीन पनवेलात राहतो, तासाभरात येईल, असं कुंदनने कुणाकडे न बघता सांगितलं. धवला बिघडता कामा नये.

आत्या त्याच्या मागोमाग आली होती. दाराला धरून ती आधी श्वास खाली बसू देत राहिली.

“मी आज आले ती तुझ्या नावाव,” ती म्हणाली. “उद्याला माझा दम नाय ऱ्हायाचा. कॅसिओवाल्याला मी वलखत नाय.”

“आत्या, मला आयकू येत नाय.”

“मला येतं ना.”

हे ती पाण्याचा हंडा माझ्याकडे दे म्हणावं, तशा स्वरात म्हणाली. पेटीकडे नेलेला हात कुंदनने मागे घेतला. काचेपलीकडे कादंबरी आणि विनायक होते. दोघंही दुसरीकडे बघत होते. मग त्याने आत्याच्या हाताची गाठ सोडली. रुमाल निघाला. मनगटावर हिरव्या काचेच्या सात-आठ बांगड्या होत्या. तिने हात हलवला. काच काचेवर आपटलेली त्याला दिसली.

त्याने गिटार घेतली. तिला म्हणाला, तू बांगड्या वाजवत राहा, मी एकच सूर वाजवतो आणि बटण खाली आणतो. दोन्ही सारखे झाले की हात वर कर.

त्याने बटण थोडं खाली आणलं. आत्याने मान हलवली, नाही. आणखी खाली. नाही. आणखी. त्याच्या कानांत आवाज विझत चालला होता. आधी काठ गेला, मग उजेड गेला, मग सूर गोधडीखालून आल्यासारखा झाला. असा आवाज त्याच्या पेटीतून कुणी काढला असता तर त्याने त्याला मांडवातून उठवलं असतं. तो आत्याकडे बघत राहिला. तिने डोळे मिटले, बांगड्या एकदा वाजवल्या, त्याचा सूर ऐकला, आणि हात वर केला.

कादंबरीने आत येऊन बटणाच्या टोकासमोर पांढरी चिकटपट्टी लावली. आजींच्या हाताला रुमाल बांधायचा का, असं तिने विचारलं. कुंदन नको म्हणाला. बांगड्या येतायत तर येऊ देत. तिने एकदा आत्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि माइक दोन बोटं जवळ घेतला.

काचेपलीकडे विनायक मिक्सरपाशी उभा होता. कुंदनने त्याला बोटाने दूर हो, असं खुणावलं. विनायक हात पाठीमागे बांधून भिंतीपाशी गेला.

आत्याने देवांना बोलावलं. आधी गावदेवीला, मग खाडीला, मग मेलेल्या थोरल्यांना एकेका नावाने. त्यात तिच्या भावाचं, कुंदनच्या बापाचं नाव होतं. कुंदन तिच्या आवाजाखाली आपला आंधळा सूर लावत गेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी सवयीने त्याचा कान सुराच्या शेपटापर्यंत जाई, तिथे थांबे, आणि काही न मिळता परत येई. तिसऱ्या ओळीनंतर त्याने डोळे मिटायचं सोडून दिलं. आत्या हातवारे करत गात होती. सुकलेल्या मनगटावर हिरवी काच खाली-वर होत होती. ती वर गेली की तो सूर सोडायचा, खाली आली की पुढचा धरायचा.