पाच मिनिटांच्या फिल्ममधली मुलगी

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सिनेमातल्या बायकांबद्दल बोलायला मला फार आवडतं. पडद्यावर कोण बघतं, कुणाकडे बघितलं जातं, निर्णय कुणाच्या हातात असतो, हे वर्गात तावातावानं सांगते. त्यामुळे स्नेहसंमेलनासाठी मुलांनी पाच मिनिटांची फिल्म करायची ठरवली, तेव्हा कथा मीच लिहून दिली. खेड्यातल्या मुलीला शिकायचंय, वडील नाही म्हणतात, ती रडते, शेवटी तिच्या बाई घरी येऊन वडिलांचं मन वळवतात.

मुलीचं काम मंगळवेढ्याकडच्या, मेंढरं पाळणाऱ्या घरातल्या एका विद्यार्थिनीला दिलं होतं. शुक्रवार पेठेत माझ्या घरी सगळे वाचनाला जमले. वाचून झाल्यावर तिनं कागद खाली ठेवला.

"मॅडम, ह्यात मी कुटं हाय?"

"अगं, तूच तर नायिका!"

"मी नुसती रडतीया की. बोलताय तुमी, ठरवतोय बाप."

वर्गात मी जे दुसऱ्यांच्या सिनेमांबद्दल बोलायचे, तेच ती माझ्या कथेबद्दल बोलत होती. मी विचारलं, "तू घरी काय केलं होतंस?"

"रडले न्हाय. अर्ज भरून आले आन मग सांगितलं. आई म्हनली, पोर जानार. बापू दोन दिस बोलले न्हाईत. तिसऱ्या दिशी माजी पेटी त्येंनीच एस्टीत चढवली."

मी तिची हकीकत कथेत घेतली आणि बाईंचं पात्र खोडलं. ते मी स्वतः करणार होते, म्हणून जरा जड गेलं. वडिलांचं काम करणाऱ्या मुलाचे संवादही उडाले.

"मग मी करू काय?" तो वैतागला.

"ऐकायचं," ती म्हणाली.

तीनदा शूटिंग केलं. तिन्ही वेळा तो मध्येच बोलला. चौथ्यांदा जमलं.

फिल्म दाखवली त्या दिवशी तिचे आईवडील गावाहून आले. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसले होते. पडद्यावरच्या बापाकडे बघत वडील हळूच बायकोला म्हणाले, "मी एवडा गप बसलो हुतो व्हय?"

"व्हय की," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "लई शाणं दिसत हुता."

ते इतक्या मोठ्यानं हसले की पुढची मुलं वळून बघायला लागली.

यंदाची कथा त्या मुलीनंच लिहिलीय. मला एसटीतल्या कंडक्टरबाईचं काम दिलंय, दोन वाक्यांचं. त्यातलं एक तिनं कालच बदललं.