पांढऱ्या रंगातले चार आकडे

टायरला वय असतं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की टायर झिजला तर म्हातारा, नाही झिजला तर तरणा. पण आधी घरचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई टायरचं काय घेऊन बसली.

आम्ही पेणचे. नवऱ्याचा हात गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला. मूर्ती घडते, सुकते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी डोळे. बुबुळाची कड काढताना हे श्वास रोखून धरायचे. तेवढा वेळ आजूबाजूचे सुद्धा बोलायचे थांबत. अशी चाळीस वर्षं गेली आणि धुळीने, रंगाच्या फवाऱ्याने ह्यांची छाती धरली. एके दिवशी श्वास रोखता आला नाही, खोकला उसळला आणि एका बाप्पाचा डोळा गालावर उतरला. ह्यांनी ब्रश धुतला, पुसला, धाकट्या भावाला म्हणाले, "आजपासून तू बघ." घरी येऊन ओटीवर बसले ते दोन वर्षं बसलेलेच.

डॉक्टरांनी कारखान्याची पायरी चढू नका म्हणून बजावलं होतं. हे चोरून जातील या धास्तीने मी ह्यांचा तो बारीक ब्रश वालाच्या डब्यात खुपसून ठेवला. कसलं काय! ब्रश कुठे गेला म्हणून ह्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. माणूस डोळ्यांसमोर बसून आहे आणि घरात नाही, याचा मला फार त्रास व्हायचा.

मग गेल्या वर्षी रोह्याला एका बारशाला गेलो. तिथे कंपनीच्या वसाहतीमागे आंब्याच्या झाडाखाली दोन चाकांवर एक पांढरी पेटी उभी. खिडक्या, दार, वर झाकण. गाडीच्या मागे जोडून न्यायचा आणि मुक्कामाला आत झोपायचं, असा तो ट्रेलर. ज्यांचा होता ते साहेब गाव सोडून चालले होते, म्हणून विकायचा होता. ह्यांनी त्याला तीन चकरा मारल्या. वाकून खालून बघितलं, दाराची बिजागरी हलवून बघितली आणि मला विचारलं, "अगो, ह्याच्यात भाकऱ्या थापशील?"

दोन वर्षांत ह्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. थापीन म्हटलं, धावत्या गाडीत सुद्धा थापीन!

ह्यांच्या हातचे गणपती कुठल्या कुठल्या गावांना गेले. हे स्वतः कोलाडच्या पलीकडे क्वचितच. हंगामात सवड नाही आणि हंगाम संपला की पुढचा सुरू. तेव्हा ट्रेलर घेतला, कागद नावावर करायला दिले आणि मूर्ती पोचवायच्या आमच्या जुन्या जीपमागे लावून हळूहळू पेणला आणला. गल्लीतली पोरं, म्हातारे सगळे डोकावून गेले. पलंग उचलला की खाली पाण्याची टाकी, टेबल पाडलं की आणखी एक पलंग. मी स्वतः दिवसातून चारदा उघडझाप करून बघायची. एवढ्याशा जागेत संसार बसवणाऱ्याचं डोकं कसं चालत असेल, याचं मला भारी कुतूहल.

आता विमा. आमच्या गल्लीतलीच एक मुलगी विम्याचं काम करते, स्कूटरवर फिरते. ती फॉर्म घेऊन आली आणि पहिल्याच प्रश्नाला आम्ही अडलो. "काका, ह्यात माल भरणार की माणसं?"

"माणसं. आम्ही दोघं."

"गाडी चालू असताना आत कोणी बसायचं नाय हां. तसं बसलात न काय झालं तर विमा हात वर करील."

माझी धावत्या गाडीतली भाकरी तिथेच करपली. मी विचारलं, मग आतली भांडी, गादी, शेगडी? ती म्हणाली, विमा ट्रेलरचा, काकी, संसाराचा नाय. आणि ओढणाऱ्या जीपच्या विम्यातसुद्धा ह्याची नोंद करून घ्यावी लागेल. जीपने ठोकलं की ट्रेलरने ठोकलं, हा वाद नको. मला हे सगळं ऐकायला मजा येत होती. जे जे वाईट होऊ शकतं त्याचा आधीच बसून विचार करणारी माणसं असतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. आमच्या आईला कोणी दिला नाही.

मग तिने विचारलं, "काका, व्यवसाय काय लिहू?"

हे म्हणाले, "काय नाय."

"म्हणजे निवृत्त लिहू?"

"काय नाय म्हणजे काय नाय. रिकामं ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं, मी चुलीकडे बघितलं. रकाना रिकामा राहिला. आधीच्या मालकाचा विमा संपलेला होता, म्हणून दोन दिवसांनी ती ट्रेलरचे चहूबाजूंनी फोटो काढायला येणार होती.

त्या दोन दिवसांत काय झालं ते मी अंगणात गेले तेव्हा बघितलं. दोन्ही टायर घासूनपुसून काळेभोर केलेले, बारीक भेगा रंगाने बुजवलेल्या आणि टायरवर जी उठावाची अक्षरं असतात ना, ती एकूणएक पांढऱ्या रंगाने भरलेली. कंपनीचं नाव, माप, बाण, बारीकसारीक आकडे, सगळं. कुठे एक केस इकडचा तिकडे नाही. मी घरात येऊन वालाच्या डब्यात हात घातला. ब्रश नव्हता. म्हणजे ह्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! मला हसूही आलं आणि रडूही, आणि मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं.

फोटो काढता काढता पोरगी टायरपाशी थांबली. "अगं बाई, काका, हा आकडा तुम्ही रंगवलात?"

"व्हय. का गो?"

"हे चार आकडे म्हणजे टायरचा जन्म. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. विकणारा हेच लपवतो. तुम्ही तर लांबून दिसेल असं लिहून ठेवलंत!"

ते साल आमच्या नातीच्या जन्माचं निघालं. नात पाचवीत आहे. टायरच्या खाचांची नक्षी तर जशीच्या तशी होती, कारण ट्रेलर नुसता उभाच होता. पोरगी म्हणाली, उभ्याउभ्याच रबर मरतं. चालला नाही म्हणून टायर वाचत नाही, उलट लवकर जातो. मी ओटीकडे बघणार होते, नाही बघितलं.

ह्यांचा चेहरा उतरला. तसं बघितलं तर चूक आमच्या धंद्याची होती. आमच्याकडे भेग दिसली की बुजवायची, वर रंग चढवायचा, आणि वस्तू दहा दिवस टिकली की तिचं काम झालं. टायरकडून त्याहून जास्त मागायचं असतं हे ह्यांना कोण सांगणार?

त्या मापाचे टायर पेणमध्ये मिळेनात, म्हणून चाकं काढून जीपमध्ये टाकली आणि रोह्याला गेलो. दुकानदाराने विचारलं, वजन किती? ह्यांना माहीत नाही, पण मी कागद बरोबर घेतले होते. त्यावर रिकाम्या ट्रेलरचं वजन वेगळं आणि भरलेल्याचं वेगळं. तो म्हणाला, भरलेल्याचं बघायचं, आणि टायरची ताकद त्याच्याही वर थोडी पाहिजे, कारण बायका ऐनवेळी आणखी एक पिशवी ठेवतात. आता त्याचं खरंच होतं. मग त्याने दोन टायर दाखवले, छान खोल नक्षीचे. मी खाली बसून आकडा शोधला. सापडला, पण नक्षी नवी आणि आकडा जुना! वरून नवी पट्टी चढवलेले निघाले. म्हटलं, हे नकोत, आकडा नवा असलेले काढा. चाट पडलेल्या दुकानदाराने तसे काढले आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

तेवढ्यात त्याने आमचे जुने टायर उतरवले आणि मोठ्याने हसला. "हे काय, काका? मेलेल्याला नटवलंत?"

हे टायरांकडे पाठ करून जीपमध्ये जाऊन बसले.  घरी आल्यावर शेजाऱ्याच्या मदतीने चाकं बसवली, हात धुतले आणि ओटीवर जाऊन बसले. त्याच जागी, तसेच.  मी स्वयंपाकघरात जाऊन वालाचा डबा उघडला. ब्रश परत आलेला होता. वालांत नीट उभा खोवलेला, मी ठेवला होता तसाच.

मी रात्रभर तळमळले. त्या रोहेकराला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग वाटलं, त्याने एकदा हसून जे केलं ते मी दोन वर्षं रोज करत होते, ब्रश लपवून. हे आता काही करणार नाहीत, असं मीच ठरवून टाकलं होतं.

सकाळी ब्रश आणि पांढऱ्या रंगाची वाटी घेऊन मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. "नव्या टायरवर पण आकडा हाय. काळ्यावर काळा, मला दिसत नाय. मला सारखा बघावा लागणार."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? म्हातारा कधी होतो ते कळाया नको? आणि ब्रश मी लपवला होता. चुकलं माझं."

ह्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. मग म्हणाले, "वालाला रंगाचा वास लागला असता गो," आणि उठले.

अंगणात चाकापाशी पाट घेऊन बसले. मला वाटलं श्वास रोखतील आणि खोकला येईल. मी पदर मुठीत धरून उभी. ह्यांनी श्वास घेतला, सोडला आणि सुटलेल्या श्वासाबरोबर पहिला आकडा काढला. थांबले. पुन्हा घेतला, सोडला, दुसरा आकडा. दोन चाकांना बराच वेळ लागला. रेषा कुठेही हलली नाही.

पोरगी पुन्हा फोटो काढायला आली. फॉर्म चाळत म्हणाली, "काका, हा व्यवसायाचा रकाना रिकामाच पाठवू?"

हे ब्रश पुसत होते. म्हणाले, "नको. आखणी लिही."