माख्तेल्डमावशीचा तळहात

माख्तेल्डमावशीला हॉलंडमधल्या आमच्या हार्लेम गावात लांबूनही ओळखता यायचं, कारण तिचे हात कोपरापर्यंत काळे असत. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची. पांढरी कॉलर कोण धोक्यात घालणार? "बरंय, ऐसपैस बसायला मिळतं," ती म्हणायची.

आमच्या छापखान्यात ती तांब्याचे पत्रे पुसायची. कोरलेल्या पत्र्यावर शाई चोपडायची, फडक्याने काढायची, आणि शेवटी नुसत्या तळहाताने असं पुसायचं की शाई फक्त रेघांत राहावी. कोरायचो मी, त्यामुळे नाव माझंच व्हायचं.

त्या वर्षी आमचे मालक खिलिस तिला म्हणाले, जत्रा झाली की घरी बस, मनगटं दुखतात ना तुझी. एकोणतीस वर्षांचं काम सुटणार होतं. दुपारची मासळी तिने तशीच मांजरापुढे टाकली, आणि मला फार वाईट वाटलं.

नेमकं तेव्हाच मी शेण खाल्लं. पुलाजवळच्या योरिस पाववाल्यांनी जत्रेत वाटायला आपल्या दुकानाच्या चित्राच्या चाळीस प्रती सांगितल्या होत्या. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर मुळातच उलटं कोरायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी सरळ कोरलं. पहिला कागद उचलला तर योरिसचं दुकान पुलाच्या डावीकडे, बरोब्बर त्यांच्या हाडवैऱ्याच्या जागेवर. जत्रा तीन दिवसांवर आलेली. मालक मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मावशीने तो ओला छाप निरखून पाहिला. "यावर कोरा कागद ठेवा आणि पुन्हा दाबा. उलट्याचं सुलट होईल."

झालं खरं, पण इतकं फिकं की पूल शोधावा लागला. रेघांत शाई जास्त ठेवायला हवी होती. मालकांनी बाह्या सारून स्वतः पुसून पाहिलं, चिखल झाला. मी पुसलं, त्याहून मोठा चिखल झाला. मग मावशीने तळहात एकदाच, अलगद फिरवला, आणि दुसऱ्या कागदावर दुकान, पूल, कालवा सगळं राखाडी, मऊसर उमटलं. दोन दिवस ती एकटीच पुसत होती.

योरिस चित्र खिडकीशी घेऊन गेले.

"पहाटे मी दार उघडतो ना, तेव्हा कालव्यावर असंच धुकं असतं," ते म्हणाले. "कसं जमवलंत हो?"

मी मावशीकडे बोट दाखवलं. माझी चूक मात्र त्यांना सांगितली नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. योरिसनी तिला मनुकांचा अख्खा पाव दिला.

मालक खाकरले आणि सोमवारी येणार का म्हणून तिला विचारलं.

"मनगटं दुखतात माझी," मावशी पाव तोडत म्हणाली. "पत्रे उचलून द्यायला तुम्ही असाल तर येईन."

रविवारी चर्चमध्ये मालक नवी कोरी कॉलर घालून थेट तिच्या शेजारी जाऊन बसले.

"जरा सरकून बसा," मावशी म्हणाली. "मला ऐसपैस बसायची सवय आहे."