काढघाल सर

देवळीच्या बसस्टँडसमोर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याची पाटी आली त्या दिवशी सरांनी ती चार स्क्रू पिळून घट्ट बसवली, खाली उतरून लांबून पाहिली, ‘झक्कास’ म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढून काढली. मग परत लावली. समोरच्या पानठेल्यावरची माणसं पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून ते काढघाल सर झाले. खरं नाव होतं त्यांना, पण ते फक्त आमच्या सर्टिफिकिटावर दिसायचं.

पंखा असो, गॅसचं रेग्युलेटर असो, घातलेली वस्तू एकदा काढून पाहिल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. सरांच्या घरच्या काकू चहा घेऊन आल्या की हमखास सांगायच्या, “आमच्या लग्नात यायनं बाशिंगई दोनदा बांधून पाह्यलं!” सर लाजायचे आणि बशीत चहा ओतायचे. आधी ते हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत फिटर होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकून घेतला, पण हात फिटरचाच राहिला. “बसवनं कोनालेई जमते. काढता येते का, थे सांग,” हे त्यांचं रोजचं वाक्य.

मी आंजीची. घरी वांग्या-मेथीची वाडी. क्लाससाठी देवळीत मावशीकडे राहत होते. सरांकडे एक सीडी होती, तिच्यात लॉगिंगची लायब्ररी. म्हणजे अशी तयार सोय, की ती जोडली की आपला प्रोग्राम काय काय करतो ते वेळेसकट एका फाइलीत आपोआप लिहून ठेवतो. काळ्या स्क्रीनवर आरपीएम ही आज्ञा, मग उणे चिन्ह, मग आय आणि पुढे तिचं नाव लिहिलं की ती बसायची. आयच्या जागी ई लिहिलं की निघायची. एवढीशी गोष्ट! पण सरांनी ती आमच्याकडून इतक्या वेळा घालून काढून घेतली की मला स्वप्नातही उणे चिन्ह दिसायचं. दर वेळी काढायच्या आधी मागून आवाज यायचाच. “थांब! याच्यावर टेकून कोन हाय, पाह्यलं काय?” म्हणजे तिच्या आधारावर दुसरं काही चालत तर नाही ना.

मला पहिलं काम मिळालं ते हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये. कापसाच्या गाड्यांना फाटकावर नंबराची चिठ्ठी छापून देणारा प्रोग्राम मी लिहिला होता. सगळं ठीक चाललं होतं, पण दिवसातून दोनदा एक नंबर गायब व्हायचा. सातनंतर एकदम नऊ. मग आठ नंबर कोणाला वशिल्यानं दिला, म्हणून गाडीवाले भांडायला उठायचे. शेटजींनी सांगून टाकलं, “सोमवारपर्यंत ठीक करा बाई, नाहीतर कंप्यूटर बंद. आपली हाताची चिठ्ठीच बरी.” कंप्यूटर बंद म्हणजे मीही बंद. वाडीवर परत जायचं आणि स्थळं पाहायची, हे घरी ठरलेलंच होतं. मी रडकुंडीला आले.

फोन केल्यावर सर बसनं आले. माझा प्रोग्राम त्यांनी वाचलाही नाही. म्हणाले, “त्यालेच बोलू दे.” मी सीडी घातली, लायब्ररी बसवली, प्रोग्रामात जोडली. दोन दिवसांनी सर पुन्हा आले, फाइल उघडली, तर चोर सापडला! सकाळी मशीन सुरू झाल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर, दोनच वेळा, चिठ्ठीचं बटण एकाच मिनिटात दोनदा दाबलं जात होतं, आणि एक नंबर खाऊन दुसरी चिठ्ठी कोरीच निघत होती. फाटकावर होते म्हातारे दिवाणजी. ते कामाला बसले की पहिली चिठ्ठी छापायचे आणि मग भक्तिभावानं कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावायचे. त्या नमस्कारात बटण दाबलं जायचं, आणि कोरी चिठ्ठी ते मुकाट्यानं टोपलीत टाकायचे.

मी त्यांना तसं करू नका म्हणून सांगायला निघाले, तर सरांनी हात धरला. “नमस्कार काऊन काढतं त्यायचा? जागा बदल.” त्यांनी कुंकू मागवलं, कॉम्प्युटरच्या डब्यावर ठसठशीत टिळा लावला आणि दिवाणजींना म्हणाले, “देव अठी राह्यते, दिवाणजी. थे खाली नुसती बटनं हायेत.” दिवाणजींना ते लगेच पटलं. नंबर जायचे थांबले.

मी हवेत! सोमवारी सकाळी वाटलं, चोर सापडला, आता लायब्ररी कशाला? फाटक उघडायच्या आधी ऐटीत ती एक ओळ लिहिली आणि काढून टाकली. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, शेटजी स्वतः येऊन उभे होते, आणि प्रोग्राम सुरूच होईना. मी फोनकडे धावले. ऑफिसातून सरांना फोन लावला.

“सर, लायब्ररी काढली आणि सगळं बंद पडलं!”

“टेकून कोन होतं?”

“माझाच प्रोग्राम, सर.”

पलीकडून सर खो-खो हसले. “अवं पोरी, मंग रडून काऊन राह्यली? शंभर डाव घातली हाय तू. आणखी एक डाव घाल.”

सीडीची आपली प्रत रुमालात बांधून पर्समध्ये ठेवायची सवय त्यांनीच लावली होती. बोटांनी आपोआप ओळ लिहिली आणि पहिली चिठ्ठी खर्रकन बाहेर आली. दिवाणजींनी टिळ्याला हात लावला. शेटजी म्हणाले, “चालू झालं ना? मग ठीक आहे,” आणि निघून गेले. माझी नोकरी राहिली, स्थळंही पुढे ढकलली गेली.

काही वर्षांनी सरांनी क्लास बंद करायचं ठरवलं. मुलाकडे पुण्याला जायचं होतं. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना चहाला बोलावलं. चहा झाल्यावर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन पाटीखालच्या स्टुलावर चढले आणि सवयीनं विचारलं, “काढू? टेकून कोन हाय याच्यावर?”

सगळे हसत म्हणाले, “कोनी नाई, सर!” तोवर आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे होतो, खोटं नव्हतं ते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “मी हाय, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत एक स्क्रू अर्धा निघाला होता. तो त्यांनी परत पिळून घट्ट केला, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि म्हणाले, “मंग राहू दे.”

संध्याकाळच्या बसनं सर आणि काकू गेले. क्लासच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस आहे. मी देवळीला गेले की विचारतो, “ताई, काढू काय आता ही पाटी?” मी म्हणते, “राहू द्या.”