भाऊजींचा फुकटचा नंबर

समोरच्या फ्लॅटमधले भाऊजी आपला खरा नंबर कुणालाच देत नाहीत. मलाही त्यांनी ॲपवरचा फुकटचा इंटरनेट नंबरच दिला. "प्रायव्हसी, वहिनी!" असं म्हणताना ते दारही ओढून घेतात. तरुणपणी मी मात्र इतकी बावळट, की शेजाऱ्यांचा फोन नंबर आपलाच म्हणून अख्ख्या नाशिकरोडला वाटत मिरवायचे.

काल कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "भांडखोर वहिनी बोलताय का?"

मला वहिनी म्हणणारं माणूस एकच. मी त्यांचं दार वाजवलं.

"भाऊजी, तुमच्या ॲपनं तुमच्या फोनमधली नावं बाजारात नेली की हो!"

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी ॲप काढून टाकलं आणि पहिल्यांदाच मला खरा नंबर सांगितला, तोही कुजबुजत.

मी तो लगेच सेव्ह केला, 'फुकटे भाऊजी' या नावानं.