राब भाजण्याचं सरकारी प्रात्यक्षिक

लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेलो आणि अख्ख्या खोऱ्यात आग लावून परत आलो. हे वाक्य अलंकारिक नाही. (सासुरवाडीत आगी लावणारे जावई पुष्कळ असतात, पण त्यांना काडेपेटी लागत नाही. मला लागली.)

तेव्हा आमच्याकडे संस्थानी अमल होता आणि मी भोरला जंगल खात्यात कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. उन्हाळा आला की खात्याला एकाच गोष्टीची धास्ती असे, वणव्याची. डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असायचं आणि नेमके त्याच दिवसांत मावळातले शेतकरी राब भाजायला घ्यायचे. वाफ्यात शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा नि गवत थरावर थर रचायचं आणि पेटवून द्यायचं. त्या राखेत बी टाकलं की भाताचं रोप तरारून येतं. पण एक ठिणगी बांधापलीकडे गेली तर डोंगरच्या डोंगर काळा! म्हणून त्या वर्षी हुकूम निघाला, की परवान्याशिवाय राब पेटवायचा नाही. परवाना हवा तर राबाभोवतीचं गवत खरवडून जाळरेषा काढा, पाण्याच्या घागरी भरून ठेवा, ओल्या डहाळ्या घेतलेली माणसं उभी करा, आणि वारा असेल तर काडी ओढू नका.

"हे वरच्या गावांना समजावणार कोण?" साहेबांनी कचेरीत विचारलं.

सगळे जुने कारकून एकदम कामात बुडाले. मी मात्र बोलून गेलो, "साहेब, हिर्डोशीला माझी सासुरवाडी आहे."

"उत्तम! मग नुसतं सांगू नका, राब भाजून दाखवा. प्रात्यक्षिक! मी मागाहून पाहणीला येतोच."

माझा जन्म भोरच्या बाजारपेठेतला. तोवर मी पेटवलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे आंघोळीचा बंब, आणि तोही दोनदा विझल्याशिवाय पेटत नसे. पण खात्याचा बिल्ला छातीवर लागला की माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटू लागतं. बायकोला घेऊन निघालो. अर्धी वाट बैलगाडीनं आणि उरलेली पायी.

"अवो, तुमी राब भाजलाय का कदी?" चढावर सगुणेनं विचारलं.

"भाजला नाही. पण सगळे नियम पाठ आहेत."

"बरं हाय. आग लागली तर म्हनून दावा तिला."

सासुरवाडीच्या दारात पोचतो तो काय, अर्धं गाव जमलेलं! माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आधीच वर्दी देऊन ठेवली होती. मामा अंगानं पैलवान, आवाजानं त्याहून मोठे, आणि जावयाच्या अभिमानानं नुसते फुगलेले.

"ह्ये आमचं जावईबापू! समदं जंगल ह्यांच्या हाताखाली हाय!"

"मामा, मी कारकून आहे हो," मी त्यांच्या कानात म्हणालो.

"हळू बोला," मामा माझ्या कानात म्हणाले. "त्यो खालच्या आळीचा गणपा ऐकतोय. त्याचा जावई पोलिसात हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे प्रात्यक्षिक खात्याचं राहिलं नव्हतं. ते मामांच्या घराण्याचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्याच शेतातला राब ठरला. राब मोठा झोकात रचलेला. मी माणसांकडून जाळरेषा काढून घेतली, घागरी ओळीनं मांडून घेतल्या, डहाळीवाले चार कोपऱ्यांना उभे केले. वाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे! त्याच क्षणी काडी ओढली असती तर आज मी ही हकीगत सांगायला बसलो नसतो. पण मामा म्हणाले, "आधी दोन शबुद बोला की, जावईबापू. लांबलांबनं मान्सं आल्याती."

बोललो. आधी वणव्यावर बोललो, मग जंगलाच्या महत्त्वावर, मग पाऊस, गुरं, सरपण, राजनिष्ठा आणि पुन्हा वणव्यावर. सूर्य डोक्यावर आला. ऐकणारे घामानं निथळत होते. मधूनमधून कोणी तरी उठायचा, घागर कलती करायचा, घटाघटा प्यायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. मला वाटलं, किती रंगून ऐकताहेत!

"आता इथे," मी शेवटी म्हणालो, "मी काडी लावतो. राब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, शिस्तीत जळत जाईल."

काडी ओढली. लावली.

भक्!

राब सावकाश जळला नाही. शिस्तीत तर नाहीच नाही. पुरुषभर उंचीचा जाळ एकदम उभा राहिला, माझ्या भिवया गेल्या आणि मी मागच्या मागे मामांच्या मांडीवर जाऊन बसलो.

"मामा! हे काय झालं?"

मामांचा चेहरा कधी नव्हे तो बारीक झाला. "काय न्हाई... सकाळी वाईच घासलेट शिंपलं व्हतं. म्हनलं, गणपाच्या म्होरं जावयाची काडी वाया जाया नगं."

"वाईच म्हणजे किती?"

"डबा."

आणि इतका वेळ माझ्या भाषणाला कंटाळून कुठे तरी बसलेला वारा उठला! खालून नदीकडून आला आणि जाळ उचलून त्यानं जाळरेषेपलीकडे ठेवला. बांधावरचं गवत तडतडलं. वर मामांची पेंढ्याची गंजी होती आणि गंजीच्या वर थेट सरकारी जंगल!

"पाणी! घागरी आणा!" मी ओरडलो.

डहाळीवाले धावले. पहिली घागर उलटी केली, थेंब नाही. दुसरी, कोरडी. तिसरीत एक बेडूक निघाला, तो उडी मारून गेला.

"पाणी कुठं गेलं?"

"आमी प्यालो की, सायेब," एक म्हातारा म्हणाला. "तुमी वणव्यावर दुसऱ्यांदा आला तवाच सपलं."

मग मात्र कोणी कोणाचा साहेब राहिला नाही. जो तो डहाळी घेऊन जाळ झोडपू लागला. गणपा तर सर्वांच्या पुढे! मी अंगातला लग्नातला कोट काढला आणि त्यानं आग बडवायला लागलो. तोवर आगीला कोटाची ओळख नव्हती, ती झाली. पहिल्यांदा बाही गेली. ज्वाळा गंजीच्या दिशेनं सरकत होत्या आणि मला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं. गंजी गेली तर पाऊस लागेपर्यंत गुरांच्या तोंडात काय घालायचं? आणि जंगल गेलं तर माझी नोकरी... पण नोकरीचा विचार, खरं सांगतो, तेव्हा दुसराच होता.

इतक्यात घराकडून सगुणा आणि सासूबाई धावत येताना दिसल्या. दोघींच्या मध्ये जावयाच्या मानासाठी चुलीवर चढवलेला गावजेवणाचा हंडा! आजूबाजूच्या बायका मागे, कुणाच्या हातात ताकाचा डेरा, कुणाच्या हातात आंबिलीचं मडकं.

"व्हा बाजूला!" सगुणा ओरडली.

आणि माझ्या देखत कटाची आमटी, सबंध हंडाभर, काळ्या मसाल्यासकट आणि वरच्या लालभडक तर्रीसकट, वणव्यावर ओतली गेली. चर्रर्र झालं. मागोमाग ताक. मागोमाग आंबील. गंजीपासून चार हातांवर आग बसली. सगळ्या शिवारात खमंग फोडणीचा वास सुटला. दमलेले लोक खाली बसले आणि नाकानं तो वास घेऊ लागले.

"जंगल वाचलं," मी म्हणालो.

"जेवान गेलं," सासूबाई म्हणाल्या.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण राबाचा धूर उंच गेला होता, आणि सरकारी माणूस प्रात्यक्षिकाला आल्याची बातमी खोऱ्यात सगळीकडे होती. पलीकडच्या वाडीनं धूर पाहिला आणि ओळखलं, की परवानगी सुटली! त्यांनी आपले राब पेटवले. त्यांचा धूर पाहून त्यापुढच्या वाडीनं. मी दुपारपासून काळ्याठिक्कर तोंडानं बांधावर बसलो होतो आणि डोळ्यांदेखत या डोंगराला एक, त्या डोंगराला दोन असे धुराचे खांब उभे राहत होते. त्या लोकांनी मात्र संध्याकाळचा वारा पडल्यावर, बेतानं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं भाजले. एकाचीही ठिणगी बांधाबाहेर गेली नाही. खोऱ्यात एकच राब उधळला, तो सरकारी!

दिवस मावळायच्या सुमारास त्या धुरातून एक घोडं खोकत आलं. घोड्यावर साहेब, तेही खोकत.

"कोणी पेटवलं हे सगळं? पहिला राब कोणाचा?"

सगळं गाव आपापल्या पायांकडे बघू लागलं. मी पुढे होणार तोच मामा आडवे आले.

"माझा, सायेब. म्याच पेटिवला. काय करायचं त्ये मला करा."

"नाही साहेब, काडी मी ओढली," मी म्हणालो.

"घासलेट माझं व्हतं!"

"पण भाषण माझं होतं!"

"कोण हे?" साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. भिवया नाहीत, कोटाला बाही नाही, कपाळावर चण्याच्या डाळीचा लगदा. "अहो, तुम्ही?"

तेवढ्यात गणपा मधे बोलला. "सायेब, मान्सानं आगीम्होरं पाठ न्हाई दावली. आमच्या पोलिसवाल्या जावयानं दावली असती."

मामांच्या डोळ्यांत त्या एका वाक्यानं पाणी आलं. (धुरानं, असं ते शेवटपर्यंत सांगत.) सासूबाईंनी साहेबांपुढे पुरणाच्या पोळ्यांचं ताट ठेवलं. आमटी नव्हती, म्हणून साहेबांनी त्या दुधाबरोबर खाल्ल्या. तिसऱ्या पोळीला त्यांचा खोकला थांबला आणि पाचवीला राग.

"नोकरी जात नाही तुमची," ते हात धुताना म्हणाले. "पण उद्यापासून प्रत्येक वाडीत दवंडी पिटवायची, की तो धूर म्हणजे परवानगी नव्हती. आणि दवंडीबरोबर तुम्ही स्वतः फिरायचं. पायी."

गावचा दवंडीवाला म्हादू मला घेऊन निघाला. हुकूम मी त्याला शब्द न् शब्द पढवला. पहिल्या वाडीच्या पारावर त्यानं हलगी कडाडवली आणि सबंध डोंगर ऐकेल अशा आवाजात सुरू केलं,

"ऐका हो ऐका! जंगल खात्याचा हुकूम हाय! राब भाजायचा आसंल तर परवाना काडा, जाळरेषा काडा, पानी भरून ठेवा..."

इथवर बरोबर होतं. मी मान डोलावली. म्हादूनं दम घेतला, हलगीवर आणखी एक टिपरू हाणलं, आणि सगळ्यांना दिसेल असं बोट माझ्याकडे करून पुकारलं,

"...आन् ह्ये पावनं गावात आलं तर आमटी डबल करा हो ऽऽ!"