पायाला कळलंच न्हाई

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा.

उन्हाळ्यात आमी घरचे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. भर दुपार. आवारातली फरशी पाय ठेवू देत नव्हती. बायामाणसं उड्या मारत सावलीकडं पळत होती. मी सावकाश चालत गेलो. तसंही मला पळता येत नव्हतं, वजन शंभराच्या वर. एकजण सावलीतून म्हणला, "बाबा, पाय हायेत का लोखंड?"

म्या म्हणलं, "जुनं हाड हाय. तुमच्यावानी पिशवीच्या दुधाचं न्हाई."

लोक हसले. मलाही बरं वाटलं.

सांजच्याला घरी येऊन बाजेवर पडलो. बायको चहा घेऊन आली अन् पायथ्याशीच थांबली.

"अहो, तळवे फोडांनी भरलेत. एक फुटलाय."

उठून बघायला गेलो, तर पोट आड आलं. कित्येक वर्षांत मी माझा तळवा पाहिलाच नव्हता. तिनं आरसा धरला. लाल मांस दिसलं. अन् दुखत तर काहीच नव्हतं.

साखर निघाली तवाच डॉक्टर म्हणला होता, "वजन उतरवा, नाहीतर पायातली जाणीव जाईल." हे पोट खात्यापित्या घरचं हाय, असं म्या त्याला ऐकवलं होतं.

म्या डोळे झाकले. बायकोला म्हणलं, "अंगठ्याला चिमटा काढ."

वाट पाहिली. काहीच झालं न्हाई.

"काढ की, काहून थांबलीस?"

"मघापासून काढूनच राहिले," ती म्हणली.

आमच्या गल्लीतल्या एकाचा पाय अशाच जखमेपायी गुडघ्यापासून कापला. तो माझ्याहून लहान, दिवसभर दारात बसून असतो. माझा पाय गेला, तर हे अंग एका पायावर उचलणार कोण?

"पोराला सांगते," ती म्हणली.

"न्हाई सांगायचं."

झोप कसली येते. पाय जाग्यावर हायेत का, हे हातानं चाचपावं म्हणलं, तर हात तिथवर पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पोराला हाक मारली अन् दोन्ही तळवे त्याच्यासमोर केले. तो तसाच उठला अन् रिक्षा घेऊन आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून मी रिक्षापर्यंत चाललो, पाय नीट पडतो का, ते त्यालाच विचारत.